हौसेचा माल आणि सचोटीचे माप

व्यापाऱ्याची खरी कसोटी महाग माल विकताना लागते, असे आमचे मत आहे. स्वस्त मालातील उणीव गिऱ्हाईक पोटात घालते. परंतु ज्याने दसपट मोल मोजले त्याने कोणती अपेक्षा बाळगावी आणि विक्रेत्याने ती कोठवर पुरवावी, हा प्रश्न धान्याच्या वखारीत जुनाच आहे. आज तो संगणकाच्या कळफलकाच्या रूपाने आपल्या घरांत शिरला आहे. सभासद बंधूंच्या कुटुंबांतील तरुणांना ‘मेकॅनिकल कीबोर्ड’चा छंद जडला असून, काहींनी त्याचा व्यापारही आरंभिला आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

पेढीवर बिले करण्यासाठी जो साधा कळफलक असतो, त्यात बटणांखाली रबराचा पडदा असतो. हौशी कळफलकात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच बसविलेला असतो. जर्मनीतील चेरी कंपनीचा एमएक्स स्विच हा या प्रकाराचा आदर्श होय. त्यात बटण एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते आणि साधारण २ मिलिमीटरवर अक्षर उमटते. तांबडा स्विच सरळ उतरतो, तपकिरी मध्ये किंचित अडतो, निळा टक् असा आवाज करतो. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर चीनमधील अनेक कारखान्यांनी तोच नमुना उचलला आणि निवडीला अंत राहिला नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. आयबीएम कंपनीचा १९८५ सालचा ‘मॉडेल एम’ हा वजनदार कळफलक कचेरीच्या कामासाठी मोठ्या संख्येने तयार झाला. त्यांतील कित्येक चाळीस वर्षांनंतरही चालू आहेत. आजचा ॲल्युमिनियमचा हौशी कळफलक पुष्कळदा शे-दोनशे नगांचाच निघतो. साचा, यंत्रकाम आणि रंग यांचा सारा खर्च त्या थोड्या नगांवर वाटला जातो. म्हणजे त्याची अधिक किंमत ही पुष्कळ अंशी अल्प संख्येची किंमत आहे, निर्दोषपणाची नव्हे. हे न उमगल्यामुळेच गिऱ्हाईक निराश होते आणि हे न सांगितल्यामुळेच विक्रेता दोषी ठरतो.

आम्ही धान्यात जो विवेक शिकलो तोच येथे उपयोगी पडावा. मालात तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात: जात, प्रत आणि खोट. शरबती गहू आणि लोकवन गहू यांतील अंतर जातीचे. दाणा किती टपोरा, हा प्रतीचा प्रश्न. ओलावा आणि कीड ही खोट. जातीबद्दल तक्रार करणे हा ग्राहकाचा अविचार होय, प्रत आधी सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य होय, आणि खोट असेल तर माल परत घेणे हा धर्म होय.

कळफलकात आवाज मंद की खणखणीत, स्प्रिंग हलकी की जड, ही जात झाली. एबीएस प्लॅस्टिकची बटणे वापराने चकचकीत होतात, हाही जातीचाच गुण. रंगाची छटा एका खेपेत किंचित गडद, दुसरीत फिकी येणे, किंवा पेटीच्या आतील न दिसणाऱ्या बाजूस बारीक खूण असणे, ही प्रत झाली. परंतु एखादे बटण मुळीच न चालणे, पीबीटी प्लॅस्टिकची लांब ‘स्पेस’ पट्टी वाकून येणे, दर्शनी भागावर ओरखडा असणे, ही निखालस खोट आहे. लांब बटणांखालील तारा खडखडतात आणि त्यांस ग्राहकानेच वंगण लावावे, असा या व्यापारात प्रघात पडला आहे. तसे आधी सांगितले असेल तर आमची हरकत नाही. न सांगता माथी मारणे आम्हांस मान्य नाही.

याहून गंभीर गोष्ट पैशाची. या वस्तू पुष्कळदा ‘ग्रुप बाय’ म्हणजे सामूहिक खरेदीने विकल्या जातात. मागणी गोळा होते, पूर्ण रक्कम आगाऊ घेतली जाते आणि मग कारखान्यास काम मिळते. आमच्या नातवाने अशाच एका विक्रेत्याकडे पैसे भरून चौदा महिने वाट पाहिली. माल आला तो दोन बटणे न चालणारा, आणि उत्तर मिळाले की छंदात असे चालावयाचेच. आमच्या रविवार पेठेत वायद्याच्या सौद्यास विसार घेतात. उरलेली रक्कम वानगीशी माल जुळल्यावर चुकती होते. येथे मात्र ग्राहक हा बिनव्याजी सावकार होतो आणि जोखीमही त्याच्याच शिरावर राहते. जो सर्व भांडवल पुरवितो, त्याच्याशी अधिक चोख वागावे की कमी?

कायद्यानेही ही वाट दाखविली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे सदोष माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. परंतु व्यापाऱ्याने कायद्याच्या धाकाने नव्हे, तर पेढीच्या नावासाठी वागावे.

तेव्हा या व्यवसायात उतरलेल्या तरुण सभासदांस आमची आग्रहाची सूचना अशी: पैसे घेण्यापूर्वी वानगी दाखवा, कोणती उणीव प्रतीत मोडते ते लिहून द्या, बदलीसाठी काही सुटे भाग अधिक मागवा, मुदत लांबली तर गिऱ्हाईकाने विचारण्याआधी आपण कळवा आणि मागेल त्यास रक्कम परत द्या. खरेदीदारांसही सांगणे आहे: माल येताच प्रत्येक बटण चालवून पाहा, ‘स्पेस’ पट्टी काचेवर ठेवून सरळ आहे की नाही ते तपासा, खोट दिसताच लेखी कळवा, मात्र स्वतःच्या आवडीनिवडीस खोट म्हणून विक्रेत्यास नाडू नका.

पोत्याच्या तोंडाशी असेल तोच दाणा तळाशी निघावा, एवढ्याच अपेक्षेवर आपल्या वाडवडिलांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. वस्तू बदलली म्हणून ही अपेक्षा बदलण्याचे काहीच कारण आम्हांस दिसत नाही.