आजवा बांधला महाराजांनी, गाळ काढायचा कोणी?

श्रीमंत सयाजीराव महाराजांची जयंती आली की आपण तसबिरीला हार घालतो, आजव्याच्या तलावाचे गुणगान करतो आणि पेढा खाऊन घरी जातो. १८९२ मध्ये त्या तलावाचे पाणी शहरात आले. घडियाळी पोळीतल्या आपल्या पिढ्या त्या पाण्यावर वाढल्या. पण हा वारसा नुसता मिरवायचा आहे की सांभाळायचाही आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण आहे २६ फुटांवर. त्या दिवसांत आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येत होते, “आपल्या पोळीत पाणी आलं नाही हो!” जुने शहर उंचावर वसवणाऱ्यांची ती पुण्याई. पण आपला मुलगा राहतो समा रोडला, लेक अकोट्यात, आत्या कारेलीबागेत. मग पूर आपला नाही कसा?

पाऊस कोणाच्या हातात नाही, हे मान्य. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. असा पाऊस पुन्हा येणारच. मात्र पडलेले पाणी कुठे जाईल, हे माणसे ठरवतात. पावागढचे पाणी विश्वामित्रीतून येते, आजवा आणि प्रतापपुऱ्याचे सोडलेले पाणीही तिच्यातच. पुढे ढाढर तुडुंब असेल तर हे पाणी तुंबून शहरातच थांबते. अशा वेळी शहराला आधार कोतरांचा आणि भूखी, रूपारेल, मसिया या कांसांचा. त्यांचे आपण काय केले? कोतरे डेब्रिसने भरली, कांसांवर स्लॅब टाकले, काठावर इमारती उठवल्या!

मी बँकेतला साधा कारकून, कॉमर्सचा पदवीधर. हिशेबात पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. यंत्र घेतले की ते झिजणार, म्हणून दरवर्षी रक्कम बाजूला काढायची. नगराच्या कारभारात घसाराच कोणी धरत नाही. नव्या बागेची फीत कापता येते, फोटो छापून येतो. गाळ काढल्याची फीत कुठे कापणार? म्हणून गाळ राहतो. मग पुरानंतर लारीवाल्याला ५,००० आणि छोट्या पक्क्या दुकानाला ८५,००० रुपये वाटावे लागतात. मदत योग्यच होती; पण तो न काढलेल्या गाळाचा दंड आहे, आणि तो भरतो करदाता.

कोणी म्हणेल, १,२०० कोटींची योजना जाहीर झाली, २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद केली. त्याचे स्वागतच आहे. पण नदी एकदा खोदून भागत नाही. पुढच्या पावसाबरोबर गाळ परत येतो. आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्येच पूरक्षेत्र आखून अतिक्रमणे रोखायला सांगितले होते. ते आधी मनावर घेतले असते तर?

म्हणून मागण्या तीनच. दर उन्हाळ्यात कांसांचा गाळ काढावा आणि त्याचा वॉर्डवार खर्च जाहीर करावा. पूरक्षेत्रात नवीन बांधकामाला परवानगी नको, मग बिल्डर कोणाचाही असो. आजव्याचे पाणी सोडण्याआधी काही तास गल्लीगल्लीत सूचना द्यावी.

आणि थोडे आपल्याकडेही बघू. पोळीत एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी मंडळाकडे हवी, पावसाळ्याआधी जुन्या लाकडी घरांची पाहणी व्हावी, आणि पुराच्या रात्री मंडळाच्या सभागृहाला कुलूप नसावे.

मते मागायला दारी येणाऱ्यांना हे तीन प्रश्न विचारा. आडनाव मराठी आहे म्हणून चहा जरूर पाजा. मत मात्र उत्तर ऐकूनच द्या. महाराजांना यापेक्षा मोठा हार कोणता?