वाङ्मयाचें नवें सोवळें

आमच्या सुशिक्षित घरांतून सोवळेंओवळें गेलें अशी जी एक समजूत आहे, ती सर्वस्वीं खरी नाहीं. स्वयंपाकघरांतून तें निघालें खरें. परंतु पुस्तकांच्या कपाटापाशीं येऊन बसलें आहे. कोणी तरुण मनुष्य 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी वाचल्याचें सांगतो, आणि पुढें चौकशींत असें निघतें कीं, ती त्यानें लोकलगाडींतून जातांयेतां मोबाईलवर ऐकली आहे. लगेच मंडळींच्या चेहऱ्यावर मंद हास्य उमटतें. "म्हणजे वाचली नाहींच तर!" असा निकाल देऊन सर्वजण मोकळे होतात. डोळ्यांनीं घेतलेलें वाङ्मय सोवळें आणि कानांनीं घेतलेलें ओवळें, असा हा नव्या धर्मशास्त्राचा निर्णय आहे. तो इतिहासास धरून नाहीं, तर्कास धरून नाहीं, आणि आजच्या परिस्थितींत तर मराठी भाषेस घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम इतिहास पाहूं. 'वाचणें' या शब्दाचें मूळ संस्कृतांतील 'वच्' म्हणजे बोलणें या धातूच्या प्रयोजक रूपांत आहे; अक्षरांना बोलावयास लावणें, तें वाचणें. विद्वान मनुष्यास आपण 'बहुश्रुत' म्हणतों, 'बहुदृष्ट' म्हणत नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ त, म्हणजे इ. स. १२९० सालीं, नेवासें येथें सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. श्रोत्यांना उद्देशून बोलणें तर त्या ग्रंथांत पदोपदीं आढळतें. श्रीधराच्या पोथ्या घरोघर गेल्या, त्या एकानें वाचावयाच्या आणि दहाजणांनीं ऐकावयाच्या म्हणून गेल्या. हें सारें जुनें झालें असें कोणी म्हणेल, तर त्यानें विसाव्या शतकाकडे पाहावें. इ. स. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा दर रविवारीं गीतेवर बोलले, साने गुरुजींनीं तें उतरून घेतलें, आणि 'गीताप्रवचनें' हा ग्रंथ झाला. खुद्द गुरुजींची 'श्यामची आई' ही रात्रींमागून रात्रीं मित्रांस सांगितलेल्या आठवणींच्या रूपानेंच रचलेली आहे. जें मुळांत कानांसाठीं सांगितलें, तें पुन्हां कानांकडे गेलें तर त्यास विटाळ कसला?

आक्षेपकांचें म्हणणें यावर असें कीं, ऐकणें हें आळसाचें काम आहे. डोळा थांबूं शकतो, मागें फिरूं शकतो, विचार करूं शकतो. कान मात्र वाहत्या पाण्याबरोबर वाहत जातो. यांत तथ्य आहे तेवढें आम्ही मान्य करतों. राजवाड्यांच्या प्रस्तावना कोणी फिरतांफिरतां ऐकून पचवील, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्ञानेश्वरींतील एखादी ओवी अडली तर पान उघडावेंच लागतें. परंतु यावरून एवढेंच ठरतें कीं, कोणतें पुस्तक ऐकावें आणि कोणतें वाचावें याचा विवेक पाहिजे. शिवाय डोळा वाटतो तितका प्रामाणिक नाहीं. तो वर्णनें गाळतो, संवादांवर उड्या मारतो, शेवट आधीं पाहून घेतो. कानाला ही लबाडी इतकी सहज साधत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं इ. स. १८७४ सालीं सुरू केलेल्या 'निबंधमालें'तील लांब, पल्लेदार वाक्यांत आजच्या विद्यार्थ्याचा डोळा वाट चुकतो. तेंच वाक्य जाणत्या वाचकानें योग्य ठिकाणीं श्वास घेऊन, योग्य शब्दावर जोर देऊन म्हटलें, कीं त्याची सारी बांधणी उलगडते.

आतां परिस्थितीचा विचार करूं. पुण्यामुंबईच्या मध्यम वर्गांतील आणि परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मुलांची आज एक चमत्कारिक स्थिति आहे. आजीचें बोलणें त्यांस पुरतें समजतें, तिच्या म्हणींवर तीं हंसतात. पण देवनागरी पान पुढें ठेवलें, कीं अक्षर अक्षर लावीत बसतात. त्या गतीनें कोणतीही कादंबरी वाचून होणार नाहीं. हा दोष कोणाचा? मुलांस इंग्रजी शाळेंत घालणारे आम्हीच, घरीं मराठी पुस्तकास हात न लावणारे आम्हीच, आणि आतां तीं कानांच्या वाटेनें हरिभाऊंपर्यंत पोंचूं पाहतात, तर नाक मुरडणारेही आम्हीच! दार आम्हीं लावून घेतलें, आणि खिडकींतून आंत येणाऱ्या आपल्याच लेंकराला चोर म्हणतों. ज्यांची दृष्टि वयोमानानें अधू झाली त्या वडीलधाऱ्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. एडिसननें इ. स. १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या उपयोगांची जी यादी छापली, तींत अंधांकरितां बोलकीं पुस्तकें होतींच, इ. स. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व इंग्लंडांत तीं प्रत्यक्ष निघूं लागलीं. त्या अंध वाचकांनीं ग्रंथ 'वाचले नाहींत', असें म्हणण्याचें धाडस आमचे सोवळे पंडित करतील काय?

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' हें मराठी गद्याचें भूषण आहे, याविषयीं दुमत नाहीं. इ. स. १९३४ पासून तीं भागशः प्रसिद्ध झालीं. या बाईंना शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांची भाषा घडली ती माणसांचें बोलणें ऐकून ऐकून. म्हणूनच तिला पुस्तकी वास नाहीं. आरंभींच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचें जें चित्र आहे, तें वाचून आपण हंसतों आणि हळहळतों. आणि तेंच पुस्तक घरांतील मुलीनें कानांनीं ऐकलें, तर तें वाचन नव्हे असा दाखला देतों! ज्या विक्षिप्तपणास हंसावयाचें, तोच आपण चालवीत आहों, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

परंतु येथवर आमच्याशीं सहमत झालेल्या वाचकांनीं इतक्यांत टाळ्या वाजवूं नयेत. ऐकणें हें वाचणेंच असेल, तर वाचून दाखविणारा हा निव्वळ हमाल राहत नाहीं. तो भाष्यकार होतो. आणि आज बाजारांत श्राव्य पुस्तकें म्हणून जें येतें, त्यांपैकीं पुष्कळसें ऐकवत नाहीं. प्रत्येक दुःखद वाक्याखालीं बांसरी वाजते. 'चरण' आणि 'चटका' यांतील दोन च, 'जन' आणि 'जागा' यांतील दोन ज ज्यांना वेगळे ठाऊक नाहींत, असे लोक मराठी अभिजात ग्रंथ वाचावयास बसतात. संक्षेप केला असल्यास तसें आरंभीं सांगण्याचीही कित्येकांस पर्वा नसते. अलीकडे तर यंत्राकडूनच वाचून घेण्याची सोय झाली आहे. यंत्राला श्वास घ्यावयाचा नसतो, आणि कोठें थांबावें हें पुष्कळदां कळतही नाहीं.

सर्वांत मोठा दोष अभिनयाच्या हौसेचा. हरिभाऊंची यमू आपली कथा मागें वळून पाहत सांगते आहे. बालपणचे प्रसंगही सोसून झालेल्या स्त्रीच्या तोंडचे आहेत. तेथें वाचणारीनें लाडिक, बोबडा सूर काढून लहानपण दाखविलें, कीं हंसण्यामागचें दुःख नाहींसें झालें आणि कादंबरीचा गाभाच गेला. लक्ष्मीबाई विनोद करतात तो स्वतः न हंसतां. वाचणारी आधींच हंसली, तर ऐकणाऱ्यास हंसावयास जागा उरत नाहीं. उत्तम वाचनाची आमची कसोटी एकच आहे: घटकाभरानें वाचणाऱ्याचा विसर पडावा आणि लेखकच आपल्याशीं बोलत आहे असें वाटावें.

याबाबतींत कायद्याचा आधार फारसा नाहीं. भारतांत १९५७ च्या कायद्याच्या १९९२ सालच्या दुरुस्तीनुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं ग्रंथावरील मालकीहक्क संपतो. हरिभाऊ १९१९ त वारले, लक्ष्मीबाई १९३६ त, साने गुरुजी १९५० त. म्हणजे त्यांचे ग्रंथ कोणीही वाचावे आणि विकावे. हें इष्टच आहे; इ. स. २००५ सालीं सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमांत जगभरचे हौशी लोक असेच जुने ग्रंथ वाचून फुकट देत आले आहेत. पण जें सर्वांचें असतें, त्यास राखणदार नसतो. येथें राखण करावयाची ती टीकाकारांनीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. भाषांतराचे दोष, मुद्रणाचे दोष, मुखपृष्ठाचें औचित्य यांवर रकाने भरणाऱ्या मासिकांनीं श्राव्य पुस्तकांचींही रीतसर परीक्षणें छापावीं. वाचणाऱ्याचें नांव घेऊन त्याचे गुण सांगावे आणि चुका पदरांत घालाव्या. ग्रंथालयांनीं चांगलीं वाचनें निवडून त्यांच्या याद्या लावाव्या. आणि आईबापांनीं मुलांच्या कानीं पुस्तक घालण्यापूर्वीं स्वतः पाव तास तें ऐकावें, आणि मूल ऐकत असतां छापील प्रत त्याच्या पुढ्यांत उघडी ठेवावी. कानामागून डोळाही हळूहळू चालूं लागेल. हें न करतां ऐकणाऱ्यांस नुसतें हिणवीत राहणें, याचा अर्थ कपाटांतील ग्रंथ आणि घरांतील मुलें यांची ओळख कधींच होऊं न देणें असा आहे. ज्यांस हें मान्य असेल त्यांनीं आपलें सोवळें खुशाल सांभाळावें. मात्र पुढें मराठी वाचक उरला नाहीं, अशी तक्रार त्यांनीं करूं नये.