कंपोस्ट होणारी पिशवी अखेर जाते कुठे?

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास व चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात पिशव्यांवरील बंदी तर २०१८ चीच. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद अशी तरतूद आहे. हा दंड मोठ्या कारखानदाराला फारसा जाणवत नाही. कुरेशी, बागवान व बेकरीवाल्यांच्या गल्ल्यावर मात्र तो जड पडतो. म्हणूनच "ही पिशवी मातीत विरघळते, बिनधास्त वापरा" असे सांगणाऱ्या एजंटवर आपले व्यापारी बांधव चटकन विश्वास ठेवतात.

पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. माल प्रमाणित आहे काय, आणि ग्राहकाच्या घरातून तो पुढे कुठे जाणार?

पहिली गोष्ट सोपी आहे. आय.एस./आय.एस.ओ. १७०८८ या मानकाला उतरलेला, "कंपोस्टेबल" असे छापलेला आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असलेला माल तेवढा खरा. नुसते "बायोडिग्रेडेबल", "ऑक्सो" किंवा हिरवे पान छापलेले असेल तर त्यावर जाऊ नये. प्रमाणित कंपोस्टेबल प्लेटा, वाट्या, डबे यांना राज्याने २०२२ च्या अखेरीस सवलत दिली. पिशव्यांचा घाऊक माल उचलण्याआधी मात्र पालिकेत विचारून घ्यावे, कारण राज्याचा नियम केंद्राहून कडक आहे.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. प्रमाणित मालाची कसोटी कारखान्यासारख्या खत प्रकल्पात, सुमारे ५८ अंश उष्णतेत लागते. घरच्या कुंडीत किंवा गच्चीवरच्या पिंपात एवढी उष्णता टिकत नाही. पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. नाल्यात पडली तर ती साध्या पिशवीसारखाच नाला तुंबवते. आणि ओल्या कचऱ्यात टाकली तरी सफाई कामगार ती प्लास्टिक समजून बाजूला काढतो. त्याचा दोष नाही, दोन्ही पिशव्या दिसायला सारख्याच.

इटलीने २०११ मध्ये साध्या प्लास्टिक पिशव्या बंद केल्या. पुढे मिलान शहराने २०१२ ते २०१४ दरम्यान टप्प्याटप्प्याने घरोघरचा ओला कचरा वेगळा उचलण्यास सुरुवात केली. तिथे भाजी आणलेलीच कंपोस्ट पिशवी स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्यात लावतात आणि कचऱ्यासकट ती प्रकल्पात जाते. म्हणजे महाग पिशवी दोनदा कामी येते आणि तिची किंमत वसूल होते. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करायला सांगितले, पण किती मोहल्ल्यांत तो गाडीत पुन्हा एकत्र होत नाही?

मालाचा ऐब सांगून विकावा, ही आपल्या तिजारतीची शिकवण. "कुंडीत टाका, खत होईल" असे ग्राहकाला सांगणे त्यात बसत नाही. मटणाची रक्ताळलेली पिशवी घरच्या कुंडीत टाकली तर उंदीर तेवढे येतील.

भंगाराच्या धंद्यातील बांधवांचेही यात नुकसान आहे. मालेगावसारख्या ठिकाणी जुन्या प्लास्टिकचा दाणा बनवून कित्येक घरे चालतात. त्या मालात कंपोस्ट पिशव्या मिसळल्या की दाणा कमजोर होतो आणि भाव पडतो.

तेव्हा ज्या वॉर्डात ओला कचरा खरोखर वेगळा उचलून खत प्रकल्पात जातो, तिथेच या पिशवीवर खर्च करावा. माल थोडा थोडा घ्यावा. उन्हाळ्यात गोदामात पडून तो ठिसूळ होतो. मक्यापासून बनलेल्या पीएलएच्या वाट्या ५५-६० अंशांना मऊ पडतात, त्यामुळे गरम निहारी त्यात देऊ नये. तिथे उसाच्या चोथ्याची, आतून प्लास्टिकचा थर नसलेली वाटी बरी. कोरडा माल कागदी पिशवीत जातो. मात्र वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत, २०१९ पासून तो नियम लागू आहे. मटणासाठी ग्राहकाने घरून डबा आणला तर चार-दोन रुपये सूट द्यावी. पिशवीचे पैसे तसेही वाचतातच.

मशिदीत रमजानमध्ये रोज इफ्तार होतो. तिथे पळसाची पत्रावळ आणि द्रोण वापरले तर ते खरकट्यासकट, कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय, ओल्या कचऱ्यात जातात. मोहल्ला कमिटीने रमजानपूर्वीच पालिकेला अर्ज देऊन त्या तीस दिवसांसाठी ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.