फुकट कोणाला मिळते?

मंडळाच्या प्रत्येक पॉटलकमध्ये मसालेभात आणि श्रीखंड उरकले, की एक विषय हमखास निघतो. "भारतात सगळं छान चाललंय हो, पण या फुकट वाटण्याच्या योजनांनी देश बुडणार!" सगळ्या माना डोलतात. गेली पंधरा वर्षे मी हे ऐकतो आहे. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादकांचा फोन आला, तेव्हा ठरवले की आपले मत एकदा छापूनच टाकावे. हे बोलणे चुकीचे आहे, आणि आपल्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी लहान प्रमाणावर एक प्रयोग करून पाहिला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे, एवढी साधी कल्पना. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडत, माती उपसत होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

पैसा कुठून आला? पुण्या-मुंबईत दोन-तीन वर्षे नोकरी करून इथे आलेल्यांनी आपली जुनी पगाराची चिठ्ठी आठवावी. तिच्यावर 'पी.टी.' नावाची एक कपात असायची. आजही ती महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये आहे. हा व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी द्यायचा, आणि तेवढीच भर सरकारने घालायची.

आता यात फुकट काय होते? भर उन्हात खणायचे, मोजमाप झाले की त्याप्रमाणे मजुरी. ज्याला दुसरीकडे बरे काम मिळते तो इथे फिरकतच नाही. गरीब कोण, हे ठरवायला तलाठ्याचा दाखला लागत नाही, ऊनच ठरवते. खोटी मस्टर्स भरली गेली, हे खरे आहे. पण चोरी मुकादमाची आणि त्याच्या वरच्यांची, शिव्या मात्र मजुराला.

आणि आपण? २०२० च्या वसंतात बाराशे डॉलर खात्यात आले, ते कोणी परत पाठवल्याचे ऐकिवात नाही. धंदेवाल्यांची पीपीपी कर्जे माफ झाली. चाइल्ड टॅक्स क्रेडिट, घराच्या कर्जावरच्या व्याजाची सूट, आणि त्याही आधी सरकारी कॉलेजातली इंजिनिअरिंगची स्वस्त फी! त्याला आपण 'बेनिफिट' म्हणतो. महाराष्ट्रात २०२५-२६ साली ३१२ रुपये रोजावर माती वाहणाऱ्या बाईचे ते 'फुकट'.

लाडकी बहीण योजनेबद्दल मला विचाराल, तर ती २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर घाईने आली आणि तिचा हिशेब मागायलाच हवा. पण म्हणूनच कायदा आणि योजना यांतला फरक ओळखा. कायद्याने दिलेल्या हक्कासाठी कोर्टात जाता येते. जी.आर. बदलायला एक सही पुरते.

कायदाही बदलतोच म्हणा. २००५ च्या केंद्रीय कायद्याऐवजी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. आता १०० ऐवजी १२५ दिवस. मात्र बहुतेक राज्यांना ४० टक्के खर्च उचलायचा आहे, आणि पेरणी-कापणीच्या काळात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येतात. जुन्या कायद्यात शंभर लिहिले होते तेव्हाही अखेरच्या वर्षांत कुटुंबाला सरासरी पन्नासएक दिवसच काम मिळत होते. १२५ वर टाळ्या वाजवण्याआधी एवढे ध्यानात असू द्यावे.

आता आमच्या धंद्याचा भाग. जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. कागदावर झकास! पण नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फोटो चढला नाही, की दिवसाची मजुरी धोक्यात. आधारवरच्या आणि जॉबकार्डावरच्या नावात एका वेलांटीचा फरक, की पैसे अडकले. मी वीस वर्षे पगाराच्या सिस्टिम्स बसवतो आहे. एका शुक्रवारी दोन टक्के लोकांचा पगार चुकला, तर इथे मध्यरात्रीपर्यंत कॉन्फरन्स कॉल चालतात, आणि सोमवारी कोणाची तरी खरडपट्टी निघते. कारण इथल्या नोकरदाराला कोणाला फोन करायचा ते ठाऊक असते.

सरकारांसाठी अशा सिस्टिम्स बनवणाऱ्या कंपन्यांत आपल्यातलेही काहीजण आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न आहे : मजुरी अडकलेल्या बाईने दाबायचे बटण तुमच्या कोणत्या स्क्रीनवर आहे?