विनामूल्य खेळाचे मूल्य

‘प्रवेश विनामूल्य’ हे शब्द वाचले की माणसाची चिकित्सक बुद्धी काहीशी सैल पडते. तिकीट काढणारा प्रेक्षक दाम वसूल झाले की नाही हे पाहतो. फुकट बसलेला प्रेक्षक आभार मानून घरी जातो. म्हणूनच जाहिरातकलेचा गौरव करणारा अनुबोधपट लोकांना मोफत दाखवला जातो, तेव्हा अधिक सावध राहावे असे आम्हांस वाटते.

डग प्रे यांनी २००९ साली दिग्दर्शित केलेला ‘आर्ट अँड कॉपी’ हा असाच अमेरिकन अनुबोधपट. २०१० साली तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो दाखवला आणि ‘कम्युनिटी सिनेमा’ या उपक्रमातून त्याचे विनामूल्य खेळ झाले. चित्रपट देखणा आहे, हे आम्ही नाकारत नाही. १९५९ साली, अवाढव्य मोटारींच्या हव्यासाच्या काळात, ‘थिंक स्मॉल’ म्हणत फोक्सवॅगनची छोटी गाडी छोटीच म्हणून लोकांपुढे ठेवणे हे प्रतिभेचेच काम होते.

परंतु येथे बोलतात कोण? मुख्यत्वे जाहिराती घडवणारेच. निर्मितीमागे उभी होती ‘वन क्लब’ ही जाहिरात-सर्जकांचीच संस्था. आपली पाठ आपणच थोपटण्याचा हा प्रकार नव्हे काय?

‘जस्ट डू इट’ हे घोषवाक्य डॅन वायडन यांनी १९८८ साली लिहिले. १९७७ साली अमेरिकेतील युटा राज्यात देहदंड झालेल्या एका खुन्याच्या अखेरच्या उद्गारातून ते सुचले, ही हकीकत ऐकून प्रेक्षक थक्क होतो. मात्र मे १९९८ मध्ये त्याच नायके कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीरपणे मान्य करावे लागले की, आपला माल म्हणजे गुलामीचे वेतन आणि सक्तीचे जादा काम असे समीकरण होऊन बसले आहे. आज ती अक्षरे आपल्याही मुलांच्या सदऱ्यांवर झळकतात. ती सुचली कशी, हे त्यांना सांगावे. पण बूट शिवणाऱ्या हातांना काय मिळाले, हेही सांगावे.

कोणी म्हणेल, कलेच्या वापराचा दोष कलावंताला का? आमचे उत्तर सरळ आहे. कवी कोणाच्या मागणीवाचूनही लिहितो. जाहिरातकाराला मात्र पैसे कोण देणार आणि लोकांकडून काय करवून घ्यायचे आहे, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. १९८४ साली हॅल रायनी यांनी ज्या मृदू आवाजात रेगन यांचा प्रचार केला, त्याच आवाजात ते बाजारातील मालही विकत असत. हेतू हा जाहिरातीचा गाभाच असतो. तो वगळून उरलेल्या कौशल्याची पूजा करणे म्हणजे आत्मवंचना होय.

म्हणून खेळ बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. जरूर दाखवा; पण पडदा मिटताच दिवे लावून चर्चा करा. व्यासपीठावर जाहिरातकाराशेजारी किराणा दुकानदार बसवा, शिक्षक बसवा, महिन्याचा खर्च भागवणारी गृहिणी बसवा. जाहिरातीचा खर्च अखेर वस्तूच्या किमतीतूनच वसूल होतो. म्हणजे त्या गृहिणीने आपला वाटा दुकानातच मोजलेला आहे. तेव्हा उपकृत प्रेक्षक म्हणून गप्प न बसता तिने प्रश्न विचारावेत. तो तिचा अधिकार आहे.