क्रमवारी कोणासाठी?
नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा मुलगा वित्तक्षेत्राकडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे दोनच निकष ठेवले जातात : संस्थेचा क्रमांक आणि मुंबईचे सान्निध्य. 2016 पासून सरकारच ही क्रमवारी लावते आणि तीत पदवीधरांचे मध्यक वेतनही मोजते. मालकाने लावलेला भाव हीच शिक्षणाची गुणवत्ता ठरली! सान्निध्याचे मोल नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चर्चगेटजवळची, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (1965) ते तुलनेने अल्प शुल्कात देते. तेथील जागा मूठभर. बाकीच्यांनी कर्ज काढावे काय? विद्यापीठीय विभागांतील जागा वाढवा, ही मागणी त्यामुळेच निकडीची आहे. आणि वित्त म्हणजे केवळ दलाल स्ट्रीट नव्हे. याच जिल्ह्यात, लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी स्वीकारले होते.