चाकं मिळतील, मैदानाचं काय?

वाचकहो, रोलबॉल पाहिलात कधी? पायात स्केट्स, हातानं बॉलला टप्पे देत पळायचं अन् गोल करायचा. एका बाजूला सहा गडी. खेळ आपल्या पुण्याच्या राजू दाभाडे यांनी काढलेला. २०११ चा पहिला विश्वचषक पुण्यातच झाला अन् जिंकला डेन्मार्कनं!

तळेगावच्या आसपासच्या खेड्यात खो-खोला माती अन् दोन खांब पुरतात. इथं गुळगुळीत फरशी हवी, पोरागणिक स्केट्स हवेत. पाय वाढला की पुन्हा नवे! शेतकऱ्यानं आणायचे कुठून?

कंपनी कायद्यानं २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षणही बसतं. चाकणचे कारखाने जवळच आहेत. सरपंचांनी अर्ज करावा: एक सिमेंटचं मैदान अन् शाळेच्या मालकीचे वीस जोड. उद्घाटनाचे फेटे नकोत.